चार डिस्कचा सर्व्हर आणि डिस्क गेल्यानंतरचे दोन दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत पंचवीस माणसांचा कारखाना, एकच सर्व्हर. त्यावर हिशोबाचं टॅली, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या डेटाबेसवर चालणारा ईआरपी (ऑर्डर, माल, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि ड्रॉइंगचं सामायिक फोल्डर. ८ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये लावलेल्या, म्हणजे एकत्र अशा बांधलेल्या की एक गेली तरी बाकीच्या तिचा डेटा भरून काढतात. मध्यंतरी एक डिस्क गेली, विक्रेत्याने नवी बसवून दिली, काम थांबलं नाही. आता मालकांचं म्हणणं असं की रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी चालणारी मांडणी) करून घेतलं की पुन्हा काळजी नको, आणि बॅकअप तर सर्व्हरला जोडलेल्या यूएसबी डिस्कवर रोज होतोच आहे.

रेड ६ जरूर करा, पण काळजी त्याने मिटत नाही. आणि कायम जोडलेली यूएसबी डिस्क हा मी बॅकअप धरत नाही. दोन्हीची कारणं खाली येतील. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या: डिस्क जाणार हे ठरलेलं आहे आणि एक डिस्क गेल्याने फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी. डिस्क गेल्याचं कोणाला कळतच नाही, तो काळ. आणि नवी डिस्क बसवल्यापासून चारही डिस्क मिळून बनलेला अ‍ॅरे पुन्हा पूर्ण होईपर्यंतचा काळ. सगळी तयारी या दोन काळांसाठी करायची.

अंदाज किती धरायचा? बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या डिस्कचे आकडे जाहीर करते. आज त्यांच्याकडे लाखो डिस्क आहेत आणि वर्षाला साधारण दीड टक्का डिस्क जातात. चार डिस्क, पाच वर्षं असा हिशोब केला तर त्या मुदतीत किमान एक जाण्याची शक्यता चारात एक इतकी येते. हे आकडे थंड, धूळ नसलेल्या डेटा सेंटरमधले. जिन्याखालच्या खोलीत, ग्राइंडिंगची धूळ येते तिथे, एप्रिल-मेच्या उकाड्यात चालणाऱ्या सर्व्हरला ही सवलत मिळत नाही. डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या आत राहील एवढं बघा आणि पुढच्या पंख्याची जाळी महिन्यातून एकदा साफ करा. हे काम कोणाचं, त्याचं नाव लिहून ठेवा, नाहीतर ते कोणाचंच नसतं.

"एक गेली तरी दुसरी लगेच कशी जाईल" या हिशोबात मेख आहे. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतात. त्यांचं उत्पादन एका बॅचचं, चाललेले तास सारखे, बसलेले झटके सारखे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने आपल्या काही एसएसडींबद्दल (तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्क) सूचना काढली होती: फर्मवेअरमधल्या, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्राममधल्या, चुकीमुळे त्या बरोबर ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी बंद पडत आणि आतला डेटा परत मिळत नसे. तास मोजणारा आकडा त्या संख्येशी पोहोचला की सगळं संपलं. एका दिवशी चालू केलेल्या चार एसएसडी एकाच दिवशी जाणार, मग रेड कितीही नंबरचं असो. फर्मवेअर अद्ययावत करणं आणि डिस्क दोन वेगवेगळ्या खेपांतून घेणं याला म्हणून किंमत आहे. तुमच्याकडे आता एक डिस्क नवी आणि तीन जुन्या आहेत. योगायोगाने झालं, पण चांगलं झालं. उरलेल्या तीनपैकी एक पुढच्या वर्षी बिघाडाची वाट न बघता बदला.

आता कळण्याबद्दल. रेड ५ मधली एक डिस्क मेली तरी सर्व्हर चालूच राहतो. जरा मंदावतो, एवढंच. डिस्क सांभाळणारा कंट्रोलर (सर्व्हरमधलं कार्ड) बीप-बीप करतो, ऑफिसातलं कोणीतरी तो आवाज बंद करून टाकतं आणि नारिंगी दिवा चार महिने पेटलेला राहतो. मग दुसरी डिस्क जाते आणि लोक म्हणतात, दोन डिस्क एकदम गेल्या. एकदम गेलेल्या नसतात.

म्हणून पहिलं काम सूचनेचं. कंट्रोलरचं स्वतःचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसवा आणि त्यातून दोन माणसांना मेल जाईल असं करा: एक आतला, एक बाहेरचा, म्हणजे तुमचा सर्व्हिस इंजिनियर. कार्डाऐवजी लिनक्सच रेड सांभाळत असेल (सॉफ्टवेअर रेड) तर त्यातल्या एमडीएडीएम या साधनाची निगराणी सेवा चालू आहे आणि तिला मेल पत्ता दिलाय हे तपासा. मेल जातो हे गृहीत धरू नका. गूगलने मे २०२२ मध्ये साध्या जीमेल खात्यांवर नुसता पासवर्ड देऊन बाहेरच्या उपकरणाने लॉगिन करणं बंद केलं. त्या दिवसापासून कितीतरी जुन्या नॅसच्या (नेटवर्कवर फाइली साठवणाऱ्या छोट्या यंत्रांच्या) सूचना गुपचूप थांबल्या. अ‍ॅप पासवर्ड गूगल खात्यात तयार करून त्या यंत्रात घाला आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चाचणीचा मेल पाठवा. त्याहून चांगलं म्हणजे "सगळं ठीक" असा मेल रोज सकाळी यावा. ज्या दिवशी तो येणार नाही, त्या दिवशी फोन करायचा.

डिस्कचे स्वतःचे आकडे, म्हणजे स्मार्ट, हे दुसरं साधन. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स. हार्डवेअर कंट्रोलरच्या मागे असलेल्या डिस्क यांना बहुधा थेट दिसत नाहीत, तिथे कंट्रोलरचंच साधन लागतं. बघायचे आकडे फार नाहीत. ५ क्रमांक म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले, १९८ आणि १८७ म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका. ५ क्रमांकावर आठ-दहा सेक्टर वर्षभर तेवढेच राहिले तर मी ती डिस्क चालू ठेवतो. आठवड्यात आठाचे चाळीस झाले तर थांबत नाही, काढतो. १९७ शून्यावरून हलला की नवी डिस्क मागवायची. १९९ वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देऊ नका, ती केबलची किंवा कनेक्टरची तक्रार असते. केबल बदला, मागचा आकडा शून्य होत नाही, पण वाढायचा थांबतो.

स्मार्टवर किती विसंबायचं यालाही मर्यादा आहे. गूगलच्या लोकांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. तपासणीत वाचनाची पहिली चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासात, गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कच्या चार महत्त्वाच्या आकड्यांत आधी काहीही दिसलं नव्हतं. म्हणजे आकडा वाईट असेल तर ऐका, चांगला असेल तर निर्धास्त होऊ नका. एसएसडी तर बहुतेकदा काही न सांगताच जाते. सकाळी मशीन चालू केलं आणि बायोसला डिस्कच दिसत नाही, असा प्रकार.

आता दुसरा काळ, रीबिल्डचा, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून नवी भरण्याचा. तुमच्या मांडणीत हाच सगळ्यात नाजूक. ८ टीबीची डिस्क सरासरी सेकंदाला १५० एमबीने भरायची म्हटलं तर सुमारे पंधरा तास लागतात, तेही दुसरं काही काम चालू नसेल तर. दिवसभर ईआरपी आणि टॅली चालू ठेवलं तर एक ते दोन दिवस धरा. या वेळात उरलेल्या तीन डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात, एकूण २४ टीबी. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेला भाग, २०१८ ची ड्रॉइंग्ज वगैरे, त्या दिवशी पहिल्यांदा वाचला जातो आणि तिथे खराब सेक्टर निघाला की रेड ५ कडे तो भरून काढायला काही उरलेलं नसतं. काही कंट्रोलर तेवढाच भाग सोडून पुढे जातात, काही रीबिल्डच थांबवतात.

साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १०^१४ बिटांमागे जास्तीत जास्त एकदा वाचता न येण्याची चूक, असं लिहिलेलं असतं. ते सुमारे साडेबारा टीबी होतात. त्यावरून "२४ टीबी वाचले की रीबिल्ड फसणारच" असा हिशोब बरेच जण मांडतात. मला तो पटत नाही. तो आकडा कंपनीने दिलेली वरची मर्यादा आहे, प्रत्यक्षात धडधाकट डिस्क त्याहून बऱ्याच चांगल्या वागतात. रीबिल्ड फसतात ते कोणी आधी न तपासलेल्या डिस्कवर. उपाय स्वस्त आहे: महिन्यातून एकदा पूर्ण अ‍ॅरे वाचून तपासणं. हार्डवेअर कंट्रोलरवर त्याला पॅट्रोल रीड आणि कन्सिस्टन्सी चेक म्हणतात, नॅसवर डेटा स्क्रबिंग. डेबियन लिनक्सवर सॉफ्टवेअर रेडची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप लागते. पिंपरी-भोसरीकडे गुरुवारची सुट्टी असते, तर बुधवारी रात्री लावा. गुरुवारी वीज जाणार नाही हे आधी बघून घ्या.

रेड ६ चं महत्त्व इथे येतं. त्यात एक डिस्क गेलेली असताना दुसरीवर खराब सेक्टर निघाला तरी तो भरून निघतो. चार डिस्कवर रेड ६ आणि रेड १० (डिस्कच्या जोड्या, एकीची नक्कल दुसरीवर) दोन्हींत वापरायला १६ टीबीच मिळतात. रेड १० मध्ये रीबिल्ड म्हणजे फक्त जोडीदार डिस्कवरून नक्कल, म्हणून लवकर होतं आणि डेटाबेसच्या छोट्या-छोट्या लेखनाला ते वेगवान. पण एक डिस्क गेल्यावर उरलेल्या तीनपैकी नेमकी जोडीदार गेली तर खेळ संपला. रेड ६ मध्ये कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं, लेखन मात्र सावकाश.

तुमच्या जागी मी असं करीन. ईआरपीचा डेटाबेस आणि टॅली वेगळ्या दोन एसएसडींवर, रेड १ मध्ये, म्हणजे एकीची नक्कल दुसरीवर. ९६० जीबीच्या दोन पुरतात. त्या सर्व्हर वर्गातल्या घ्या, ज्यांच्यात वीज गेली तर हातातलं लेखन पूर्ण करायला कपॅसिटर असतात. दुकानातल्या घरगुती एसएसडीत ते बहुधा नसतात आणि डेटाबेस तिथेच खराब होतो. चार ८ टीबीच्या डिस्क रेड ६ मध्ये, फक्त ड्रॉइंग आणि फाइलींसाठी. चालू अ‍ॅरे जागच्या जागी रेड ५ वरून ६ वर नेण्याची सोय काही कंट्रोलर देतात. तिच्या वाटेला जाऊ नका. तिला दोन-तीन दिवस लागतात आणि मध्ये वीज गेली की काय होईल याची खात्री नाही. डेटा दोन ठिकाणी काढून घ्या, अ‍ॅरे मोडून नवा बनवा, परत भरा. बॅकअप परत येतो का, याची चाचणीही त्यातच होऊन जाते.

डिस्क घेताना दोन गोष्टी दुकानदाराला विचारायच्या नाहीत, मॉडेल नंबरावरून स्वतः बघायच्या. पहिली, ती एसएमआर आहे का. या प्रकारात ट्रॅक एकमेकांवर किंचित चढवलेले असतात, त्यामुळे सलग लांब लेखनाला ती गुडघे टेकते आणि रीबिल्ड दिवसांचं आठवड्यावर जातं, किंवा अ‍ॅरे तिला मध्येच बाहेर काढतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या 'रेड' (म्हणजे लाल, वरच्या रेड ५-६ शी संबंध नाही) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं बाहेर आलं आणि कंपनीने ते मान्य केलं. नंतर रेड प्लस हे वेगळं नाव सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या, डिस्कना दिलं. आपल्याला सीएमआरच हवी. दुसरी गोष्ट, चूक आल्यावर डिस्क किती वेळ झुंजते. नॅस आणि सर्व्हरसाठीची डिस्क खराब सेक्टरवर साधारण सात सेकंदांत हात वर करते, मग अ‍ॅरे तो डेटा बाकीच्या डिस्कवरून भरतो. डेस्कटॉपची डिस्क मिनीटभर किंवा जास्तही प्रयत्न करत बसते, तेवढ्यात कंट्रोलर तिला मेलेली समजून काढून टाकतो. चांगली डिस्क विनाकारण बाहेर, आणि अ‍ॅरे अर्धवट. "डिस्क काढून पुन्हा घातली की चालते" ही तक्रार बहुतेकदा याच जातीची असते.

विजेचं थोडक्यात. इन्व्हर्टर म्हणजे यूपीएस नव्हे. इन्व्हर्टरने दिवे चालू राहतात, पण बॅटरी संपत आल्याचं तो सर्व्हरला सांगत नाही. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडलेली हवी आणि बॅटरी निम्म्यावर आली की सर्व्हरने स्वतः रीतसर बंद व्हायला हवं. कितीतरी ठिकाणी ती केबल खोक्यातच सापडते. यूपीएसच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत बदला. रेड कंट्रोलरवरही एक छोटी बॅटरी किंवा कपॅसिटर असतो, कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत, थांबलेलं लेखन वीज गेल्यावर जपण्यासाठी. तो निकामी झाला की कंट्रोलर कॅश वापरणं थांबवतो आणि ईआरपी एका दिवसात मंदावतो. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन कॅश जबरदस्तीने चालू करणारे लोक आहेत. वेग परत येतो, आणि पुढच्या वीज जाण्याला डेटाबेस जातो. बॅटरी मागवा.

इथवर सगळं यंत्र चालू ठेवण्यापुरतं झालं. रेड कशापासून वाचवत नाही? कोणी फोल्डर पुसलं, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं, कंट्रोलरने चुकीचं लिहिलं, सर्व्हर चोरीला गेला, वरच्या टाकीचं पाणी आलं: पहिल्या तीन वेळी रेड तो विनाश इमानाने सगळ्या डिस्कवर लिहितं, उरलेल्या दोन वेळी सगळ्या डिस्क एकदमच जातात. आणि कायम जोडलेली यूएसबी डिस्क यातल्या बहुतेक वेळी सर्व्हरबरोबरच जाते. रॅन्समवेअरला ती दुसऱ्या ड्राइव्हच्या अक्षरासारखीच दिसते. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा ८५८ टीबीचा साठा होता, बाहेर दुसरी प्रत नव्हती. तो गेला.

म्हणून प्रती तीन: चालू डेटा, कारखान्यातच दुसऱ्या यंत्रावर एक, आणि आवाराबाहेर एक. दुसरं यंत्र म्हणजे दोन डिस्कचा छोटा नॅस पुरतो, पण तो सर्व्हरच्या खोलीत नको आणि त्याचा पासवर्ड सर्व्हरवर कुठे साठवलेला नको. सर्व्हरने नॅसवर लिहिण्याऐवजी नॅसने सर्व्हरवरून ओढून घ्यावं. सर्व्हर कोणाच्या ताब्यात गेला तरी नॅसपर्यंत हात पोहोचत नाही. नॅसवर रोजचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती) तीस दिवस ठेवा. बाहेरची प्रत क्लाउडवर, ठरावीक दिवस कोणालाच पुसता येणार नाही अशी कुलूपबंद मुदत लावून. किंवा दोन यूएसबी डिस्क आलटून पालटून, एक मालकांच्या घरी. जी घरी असते ती कशालाही जोडलेली नसते, हाच तिचा गुण. या कामाला आत तबकडी फिरणारी डिस्क घ्या, एसएसडी नको. झिजलेली एसएसडी वीज न देता कपाटात पडून राहिली तर तिच्यातला डेटा टिकण्याची हमी फार थोड्या काळाची असते.

प्रत्येक गोष्टीचा बॅकअप वेगळ्या पद्धतीने घ्यायचा असतो, आणि फसगत इथेच होते.

टॅलीपासून सुरू करू. टॅलीप्राइमचा डेटा मुळात सी ड्राइव्हवर पब्लिक युजरच्या फोल्डरमध्ये जातो. रेडचा अ‍ॅरे डी ड्राइव्हवर, आणि सी एका साध्या एसएसडीवर, अशी मांडणी खूप ठिकाणी आहे. म्हणजे ज्या हिशोबांसाठी एवढा खर्च केला ते रेडवर नाहीतच. आज जाऊन डेटाचा मार्ग बघा. शिवाय लोक टॅलीत काम करत असताना फोल्डरची नक्कल मारली तर अर्ध्या फाइली आधीच्या आणि अर्ध्या नंतरच्या येतात. सगळे बाहेर पडल्यावर टॅलीचा स्वतःचा बॅकअप घ्या, किंवा विंडोजच्या शॅडो कॉपीवरून, म्हणजे गोठवलेल्या प्रतीवरून, नक्कल घेणारं साधन वापरा. लायसन्सचा सीरियल नंबर आणि ज्या मेलवर ते नोंदवलं आहे त्याचा पासवर्ड कागदावर हवा. नव्या मशीनवर ते चालू करताना किल्ली त्याच मेलवर येते आणि तो मेल बहुधा तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो.

एसक्यूएल एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी काम करणारा एजंट नसतो. त्यामुळे "बॅकअप लावलाय" असं सांगणाऱ्याला विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधलं काम दाखवायला सांगा. डेटाबेसच्या फाइली उचलून नक्कल करणं हा बॅकअप नव्हे. फाइल उघडी असते, एकतर नक्कल होत नाही किंवा निरुपयोगी होते. रोज रात्री पूर्ण बॅकअप, चेकसमसह (लिहिलेलं बरोबर आहे का हे ताडायचा आकडा). दिवसभरातलं जास्तीत जास्त अर्ध्या तासाचं काम जावं असं ठरलं असेल तर डेटाबेस फुल रिकव्हरीवर (प्रत्येक बदल लॉगमध्ये जपणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दर तीस मिनिटांनी त्या लॉगचा बॅकअप, आणि तोही नॅसने ओढून घ्यायचा. फुल रिकव्हरी लावली आणि लॉगचा बॅकअप विसरलात तर लॉगची फाइल वाढत वाढत डिस्क भरून टाकते आणि ईआरपी बंद पडतो. डिस्क धडधाकट असताना झालेला बिघाड.

ड्रॉइंग सोपी: बदललेल्या फाइली रोज, जुन्या आवृत्त्यांसह. शेवटी सर्व्हरची पूर्ण इमेज, म्हणजे सगळ्या सिस्टीमची जशीच्या तशी प्रत, महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या अपडेटच्या आधी. नाहीतर डेटा असूनही विंडोज, ईआरपी, प्रिंटर, युजर हे सगळं परत बसवण्यात तीन दिवस जातात.

कंपनी कायद्याची बाजूही आहे. तुमची संस्था कंपनी असेल तर २०१४ च्या अकाउंट्स नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या बदलानुसार इलेक्ट्रॉनिक हिशोबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज असायला हवा, आणि वह्या आठ वर्षं जपायच्या आहेत. जीएसटीच्या नोंदी, मग संस्था भागीदारीची असो की एकट्याची, वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. क्लाउड घेताना प्रदेश मुंबई किंवा हैदराबाद निवडा. वर्ष संपल्यावरची एक प्रत फिरत्या क्रमातून वेगळी काढून ठेवा. तीस दिवसांचे स्नॅपशॉट तीस दिवसांनी जातात.

परत आणून न बघितलेला बॅकअप मोजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीत एका इंजिनियरने रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला, सुमारे ३०० जीबी. मग एकेक बॅकअप उघडायला घेतला. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे कधीपासून होतच नव्हता, तो होत नसल्याचे मेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता, ठेवायची जागा रिकामी होती. कोणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर निभावलं. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहिलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

तिमाहीला एका गुरुवारी एखाद्या जुन्या पीसीवर हे करा: कालचा ईआरपी बॅकअप परत आणा, त्या प्रतीवर चेकडीबी (डेटाबेस धड आहे का हे तपासणारी आज्ञा) चालवा, शेवटचं बिल कितवं हे चालू सर्व्हरशी ताडून बघा. टॅलीचा बॅकअप उघडून ट्रायल बॅलन्स जुळवा. पाच-सहा ड्रॉइंग उघडून बघा, नुसती नावं नव्हे. लागलेला वेळ लिहा. क्लाउडवरून आणायचं तर हिशोब सरळ आहे: १०० एमबीपीएसच्या लाइनवर २ टीबी यायला पूर्ण वेगाने ४४ तास, म्हणजे दोन दिवस. दोन दिवस कारखाना थांबवणं परवडणार नसेल तर नॅसवरची प्रत हवीच, क्लाउड एकटा पुरत नाही. किती काम गेलं तर चालेल आणि किती वेळ बंद राहिलं तर चालेल, हे दोन आकडे मालकांनी सांगायचे असतात, संगणकवाल्याने नाही. ते कळले की कुठे किती खर्च करायचा याचे वाद संपतात.

आता प्रत्यक्ष डिस्क गेली त्या दिवशीचं. हा क्रम छापून सर्व्हरच्या दारावर आतून चिकटवा. आधी काहीही न काढता ताजा बॅकअप घ्या आणि तो झाल्याचं बघा. रीबिल्डचा ताण त्यानंतर. मग कंट्रोलरमध्ये गेलेल्या डिस्कचा सीरियल नंबर वाचा आणि ट्रेवरच्या लेबलशी जुळवा. लेबल आज लावून ठेवा. त्या दिवशी ट्रे बाहेर काढल्याशिवाय नंबर दिसत नाही आणि काढायचा कुठला हाच तर प्रश्न असतो. डिस्क बसवायच्या खाचा शून्यापासून मोजल्यात की एकपासून, यातच लोक चांगली डिस्क उपसतात. अर्धवट रेड ५ मधली चांगली डिस्क उपसली की त्या क्षणी अ‍ॅरे गेला. ठिकाण दाखवणारा दिवा लुकलुकवण्याची सोय असेल तर ती वापरा. डिस्क काढा, मिनीटभर थांबा, नवी घाला. रीबिल्ड आपोआप सुरू झालं का बघा, नसेल तर कंट्रोलरमधून लावा. "फॉरिन कॉन्फिगरेशन" असा संदेश आला तर वापरलेली डिस्क बसवली गेली आहे. न वाचता कशालाही हो म्हणू नका. रीबिल्ड होईपर्यंत अपडेट, रीस्टार्ट, मोठ्या नकला सगळं बंद.

दोन डिस्क गेल्या आणि अ‍ॅरे दिसेनासा झाला तर उलटा नियम: हात आखडता घ्या. सर्व्हर बंद करा, प्रत्येक डिस्कवर खाचेचा क्रमांक लिहा. इनिशियलाइझ, नवा अ‍ॅरे, चेकडिस्क, डिस्कला जबरदस्तीने ऑनलाइन करणं, यातलं काहीही करू नका. जबरदस्तीने ऑनलाइन केलेली डिस्क महिन्यापूर्वी गेलेली असेल तर महिन्यापूर्वीचा डेटा आजच्यात मिसळतो. बॅकअप चांगला असेल तर नव्या डिस्कवर परत आणायला घ्या आणि जुन्या तशाच बाजूला ठेवा. नसेल तर एकेका डिस्कची, खराब जागा वगळून वाचणाऱ्या डीडीरेस्क्यू या साधनाने, नक्कल घेऊन नकलांवरच काम करायचं. टकटक असा आवाज करणारी डिस्क पुन्हा चालू करायची नाही, ती सरळ रिकव्हरी लॅबकडे. प्रत्येक चालू करण्यात वाचणारा हेड प्लॅटरवर, म्हणजे आतल्या तबकडीवर, घासतो आणि परत मिळणारा भाग कमी होतो.

एक जादा डिस्क कपाटात, सीलबंद, आजच घेऊन ठेवा. वॉरंटीतली बदलून यायला आठवडा सहज जातो, आणि तेवढे दिवस अर्धवट अ‍ॅरेवर काढायचे नाहीत. नवी डिस्क जुन्या इतक्याच किंवा जास्त क्षमतेची हवी. दुसऱ्या कंपनीची ८ टीबी काही सेक्टरनी कमी भरली तर कंट्रोलर घेत नाही. घेतल्यावर कपाटात ठेवण्याआधी दुसऱ्या मशीनला लावून पूर्ण लिहून-वाचून तपासा, दीड दिवस लागतो. खोक्यातूनच खराब निघालेली डिस्क ऐन वेळी कळू नये. आणि मेलेली डिस्क वॉरंटीत परत देताना त्यावर तुमच्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंग आहेत हे विसरू नका: चालत असेल तर पुसून द्या, चालत नसेल तर वॉरंटीवर पाणी सोडून वर्कशॉपमध्येच ड्रिलखाली घाला, प्लॅटरला तीन-चार भोकं पुरतात.